मांजर कोंबडीला सोडतं, मग पिल्लाला का धरतं?

दुपारी निंबाच्या सावलीत कोंबड्या मातीत खड्डे करून पसरलेल्या असतात आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर घरचं मांजर पाय ताणून झोपलेलं असतं. एखादी कोंबडी त्याच्या शेपटीजवळचा दाणा टिपते. मांजर कान हलवतं, एवढंच. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातलं घर असो की साक्री-शिरपूरकडचा मळा, हे चित्र कुणाला नवं नाही. त्याच मांजराने आठ दिवसांचं पिल्लू तोंडात धरून धाब्यावर नेलं, ही तक्रारही नवी नाही. मग घरात दोन तट पडतात. एकाच्या मते मांजर लबाड, दुसऱ्याच्या मते ते उपाशी.

दोन्ही निदानं चुकीची आहेत आणि त्यावरून केलेले उपायही फुकट जातात. लबाड समजून मांजराला बदडलं तर ते माणसाला भ्यायला लागतं, पिल्लाला नाही. उपाशी समजून वाटीभर दूध वाढवलं तर ते दूध पिऊन पुन्हा पिल्लामागे जातं. मांजराला कोंबडी आणि पिल्लू ही एकाच जातीची दोन वयं आहेत हे ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ते दोन वेगळे प्राणी आहेत. त्यांतला एक शिकारीच्या मापात बसतो, दुसरा बसत नाही. हे माप कशाचं ते समजलं, की अंगणाची व्यवस्था लावणं सोपं जातं.

भूक वेगळी, शिकार वेगळी

मांजराची शिकार ठरलेल्या पायऱ्यांनी होते. आधी नजर रोखणं, मग पोट जमिनीला टेकवून सरकणं, दबा धरणं, झेप, पंजाने दाबणं आणि शेवटी मानेला चावा. खाणं त्यानंतरचं, आणि ते होईलच असं नाही. मारलेला उंदीर उंबऱ्यावर तसाच टाकून गेलेलं मांजर सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

यातली पहिली पायरी भुकेवर अवलंबून नसते. लहान आकार, झटक्याची हालचाल आणि बारीक आवाज या तीन गोष्टी एकत्र आल्या की ती आपोआप सुरू होते. शेतातल्या मोटारीच्या ऑटो स्टार्टरसारखाच हा प्रकार. वीज आली की मोटार चालू. बाग कालच भिजली आहे, आज पाण्याची गरज नाही, हे तिला कळायचा मार्गच नसतो.

१९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरं आवडीचं अन्न खात असताना त्यांच्यासमोर उंदीर सोडला. त्यांनी खाणं अर्धवट टाकलं, उंदीर मारला, तो ताटापाशी आणून ठेवला आणि पुन्हा आधीचं अन्न खायला लागली. मांजराच्या बाजूने हा हिशेब बरोबरच आहे. लहान शिकार बऱ्याचदा हुकते. भूक लागेपर्यंत थांबणारं मांजर रानात टिकलं नसतं. संधी दिसली की घ्यायची, ही त्याची घडण आहे आणि चार पिढ्या घरात राहून ती पुसली जात नाही.

भूक अगदीच बिनमहत्त्वाची आहे असं मात्र नाही. उपाशी मांजर जास्त वेळ दबा धरतं, मोठ्या शिकारीचाही धोका पत्करतं. पण भरल्या पोटी ते पिल्लाला हात लावणार नाही, या भरवशावर राहू नये.

सगळा प्रश्न वजनाचा

आता आकडे बघा. घरातला लहान उंदीर पंधरा-वीस ग्रॅमचा असतो, चिमणी पंचवीस-तीस ग्रॅमची. देशी कोंबडीचं अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू भरतं साधारण तीस ग्रॅम. म्हणजे वजनाने ती चिमणीच, फक्त उडता न येणारी. त्यात ते सतत चिवचिवतं आणि धावताना मधेच थबकून पुन्हा पळतं. माणसाला ऐकू येण्याची हद्द २० किलोहर्ट्झ धरतात. मांजराला त्याच्या तिपटीहून उंच पट्टीतले आवाज ऐकू येतात, कारण त्याचे कान उंदराच्या बारीक चिरकण्यासाठीच घडले आहेत. पिल्लाचा आवाज त्या कानांना खुणावणार नाही तर काय होईल?

दुसरीकडे मोठी देशी कोंबडी सव्वा-दीड किलोची असते आणि मांजर तीन-चार किलोचं. आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, चोच आणि नखं असलेलं जनावर अंगावर घेणं मांजराला परवडत नाही. एकट्याने शिकार करणाऱ्या प्राण्याचा डोळा फुटला की त्याची शिकार संपते. म्हणून मांजर उगाच धोका घेत नाही. त्यातही कोंबडी मान वर करून त्याच्याकडे सरळ चालत आली तर पळणाऱ्या भक्ष्याची खूण उरत नाही. पळणाऱ्याच्या मागे धावायला मांजर तयार असतं. चालून येणाऱ्याचं काय करायचं, हे त्याच्या शिकारीच्या पायऱ्यांत कुठेच बसत नाही.

पिल्लंवाली कोंबडी तर दुप्पट आकाराची दिसते. पिसं फुलवते, पंख जमिनीपर्यंत पसरते आणि घशातून आवाज काढत थेट तोंडावर उडी घेते. चार-पाच महिन्यांच्या मांजराला असा एक प्रसाद मिळाला, की पुढे ते कोंबड्यांच्या वाटेतून स्वतःहून बाजूला होतं. अंगणात दुपारी दिसणारी ती शांतता बऱ्याचदा अशाच एखाद्या मारातून आलेली असते.

यातून एक धोक्याचा काळ नेमका सांगता येतो. देशी पिल्लू पहिला दीड महिना उंदीर-घुशीच्या वजनाच्या टप्प्यात असतं. दीड-दोन महिन्यांनी आई पुन्हा अंड्यावर यायच्या तयारीला लागते आणि पिल्लांना टोचून दूर करते. पालनकर्त्याला वाटतं, पिल्लं मोठी झाली, आता सुटली. प्रत्यक्षात आईचं संरक्षण गेलेलं असतं आणि स्वतःचं वजन अजून पुरेसं आलेलं नसतं. पिल्लं अर्ध्या किलोच्या पुढे जाईपर्यंत, म्हणजे अडीच-तीन महिन्यांच्या तलंगा होईपर्यंत, त्यांना मांजरासोबत मोकळं सोडायची घाई करू नये.

हॅचरीतून आणलेल्या पिल्लांचा प्रश्न याहून अवघड. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया किंवा कडकनाथची पिल्लं आईशिवाय येतात. कोंबडीच्या बोलीत इशारे दोन तऱ्हेचे असतात. घार दिसली तर बारीक, लांबट सूर. जमिनीवरून शत्रू येताना दिसला तर तुटक तुटक कटकटाट. पहिल्याने पिल्लं जागेवर दबतात, दुसऱ्याने मान उंचावून सावध होतात. बल्बखाली वाढलेल्या पिल्लाला इशारा द्यायलाच कुणी नसतं. अशी पिल्लं अर्ध्या किलोची होईपर्यंत बंद जाळीतच हवीत.

दिवसाचा समेट रात्री टिकत नाही

वजनाइतकाच महत्त्वाचा आहे उजेड. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता तिला जवळपास ३०० अंशांचा परिसर दिसतो. रंगही तिला आपल्यापेक्षा जास्त दिसतात. पण ही सगळी यंत्रणा भरपूर उजेडासाठी आहे. अंधार पडला की ती जवळजवळ आंधळी होते. म्हणून तिन्हीसांजेला कोंबड्या आपण होऊन खुराड्याकडे वळतात आणि एकदा बसल्या की हाताने उचललं तरी फारशा हलत नाहीत.

मांजराचं उलटं आहे. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे चकचकीत थर असतो. आत आलेला उजेड त्यावर आपटून परततो आणि पडद्याला दुसऱ्यांदा मिळतो. गाडीच्या दिव्यात मांजराचे डोळे चमकतात ते या थरामुळेच. माणसाला लागतो त्याच्या सहाव्या हिश्शाच्या उजेडातही त्याचं काम भागतं. शिवाय झुंजूमुंजू आणि संध्याकाळ याच त्याच्या फिरण्याच्या खास वेळा.

दिवसा कोंबडीकडे नजर, चोच आणि पाय असतात. रात्री यातलं काही उपयोगाचं नसतं. त्यामुळे दिवसाचा समेट रात्री लागू होत नाही. कोंबड्या निंबावर किंवा बाभळीवर बसू देणं हाही उपाय नव्हे. उंच बसायची सवय त्यांना रानकोंबडीकडून आली आहे. कोल्ह्या-कुत्र्यापासून झाड वाचवतं, मांजरापासून नाही.

खुराडं कसं असावं, याचं उत्तर यातच आहे. वरून बंद हवं, कारण मांजर उभ्या उभ्या माणसाच्या डोक्याएवढी उडी सहज घेतं. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्डिंग केलेली हवी. बाजारात कोंबडी-जाळी म्हणून मिळणारी सहाकोनी बारीक तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. तिच्या मोठ्या भोकांतून पंजा आत जातो आणि जाळीला टेकून झोपलेलं पिल्लू तिथूनच ओढलं जातं. बसायची काठी म्हणूनच जाळीपासून हातभर आत असावी. कडीला खिळा किंवा पिन लावावी. नुसतं बांबूचं डालं उपडं घालून रात्र काढायची असेल तर वर दगड हवा, आणि पिल्लं लहान असतील तर डालं घराच्या आत हवं.

लहानपणची ओळख किती कामाला येते?

मांजराचा स्वभाव मुळीच बदलत नाही का? याचं सर्वांत बोलकं उत्तर जवळपास शंभर वर्षांपूर्वीचं आहे. झिंग-यांग कुओ या चिनी शास्त्रज्ञाने १९३० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने मांजराच्या पिल्लांचे गट केले. २१ पिल्लं उंदीर मारणाऱ्या मांजरांच्या संगतीत वाढली. त्यांतली १८ पुढे उंदीर मारू लागली. २० पिल्लं एकटी वाढवली. त्यांतल्या ९ जणांनी उंदीर मारले. १८ पिल्लं मात्र जन्मापासून उंदराच्या सोबतीनेच वाढली. त्यांतली फक्त ३ उंदीरमार निघाली, आणि ज्या जातीच्या उंदरासोबत ती वाढली होती त्या जातीला त्यांनीही हात लावला नाही.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, संगतीने फरक पडतो आणि तो मोठा असतो. मांजराचं पिल्लू दोन ते सात-आठ आठवड्यांचं असताना ज्यांच्यात वावरतं त्यांना ते आपलं मानतं. मांजर पाळायचंच असेल, तर ज्या घरात कोंबड्या आहेत तिथे जन्मलेलं पिल्लू घ्यावं. दुसरी गोष्ट, १८ पैकी ३ म्हणजे शून्य नव्हे. शिवाय ‘कोंबडी आपली’ हे शिकलेलं मांजर ‘पिल्लूही आपलं’ हे आपोआप शिकत नाही. तीस ग्रॅमचं चिवचिवणारं पिल्लू त्याने लहानपणी पाहिलंच नसेल, तर त्याच्यासाठी तो नवाच प्राणी असतो.

मोठं मांजर घरात आणलं तर ओळख सावकाश करावी. पहिला आठवडा मांजर घरात, कोंबड्या बाहेर. एकमेकांचे आवाज आणि वास तेवढे पोहोचू द्यावेत. मग जाळीआड कोंबड्या आणि बाहेर मांजर, तेही त्याचं पोट भरल्यावर, दिवसा. बघण्याच्या दोन तऱ्हा ओळखायला शिकावं. मान वळवून बघणारं आणि मग अंग चाटत बसणारं मांजर ठीक आहे. डोकं खाली, खांदे वर, शेपटीचं फक्त टोक हलतंय आणि मागचे पाय जागेवरच थरथरतात, हे झेपेच्या आधीचं लक्षण. त्या क्षणी टाळी वाजवून किंवा पाणी शिंपडून पहिलीच पायरी मोडावी. झेप घेतल्यावर ओरडून उपयोग नाही, कारण तोवर साखळी पुढे सरकलेली असते. जाळीआडचं बघणं कंटाळवाणं झालं की मोठ्या, धीट कोंबड्यांसोबत मोकळं सोडावं. घाबरट कोंबडी आधी सोडली तर ती पळेल, आणि पहिलाच धडा उलटा शिकवेल.

कळपातल्या कोंबड्यांची आपसांतली उतरंड ठरलेली असते. कोण कुणाला टोचणार याचा हा क्रम नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडला होता. अशा कळपातली वरच्या पायरीची कोंबडी या कामाला सगळ्यांत चांगली.

वयाचाही विचार करावा. पाच महिने ते दोन वर्षं हा मांजराचा सगळ्यांत खोडकर काळ. पिल्लं झालेली मांजरीही सांभाळावी. ती नेहमीपेक्षा जास्त शिकार करते आणि पिल्लांना शिकवण्यासाठी जिवंत शिकार आणून सोडते. घरात मांजरी व्यायली असेल त्याच महिन्यात कोंबडी अंड्यांवर बसवू नये. नसबंदीने मांजराचं भटकणं आणि बोक्यांची भांडणं कमी होतात. शिकारीची ओढ मात्र त्याने जात नाही.

ताटात काय आहे?

खान्देशात मांजराला दूध-भाकरी घालायची पद्धत जुनी आहे. मांसाची चटक लागू नये, म्हणजे ते पिल्लाकडे वळणार नाही, असाही एक हेतू त्यात असतो. कुओने हेही तपासलं होतं. शाकाहारावर वाढवलेली मांजरं उंदीर खात नव्हती, पण मारत मात्र तितकेच होती. भाकरी घालून मांजर अहिंसक होत नाही, इतकंच.

उलट दिशेचा पुरावा अलीकडचा आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने २०२१ मध्ये २१९ घरांतल्या ३५५ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धान्य नसलेलं, भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत ३६ टक्के घट झाली. रोज पाच-दहा मिनिटं दोरीला बांधलेल्या पिसाशी किंवा चिंधीशी खेळवलं, तर २५ टक्के. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न जुना आहे. या अभ्यासात ती बांधून ठळक फायदा काही दिसला नाही. भडक रंगीत कापडी पट्ट्याने पक्ष्यांची शिकार ४२ टक्के घटली, कारण पक्ष्यांना रंग लांबून दिसतो. पण हा पट्टा मोठ्या, सावध पक्ष्यासाठी ठीक. आठ दिवसांचं पिल्लू रंग बघून काय करणार?

मांजराचं शरीर मांसावर चालण्यासाठीच बनलेलं आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला स्वतःपुरता तयार करता येत नाही, तो मांसातूनच मिळावा लागतो. भाकरीवर ठेवलेलं मांजर ती उणीव बाहेर भरून काढायला बघणार. म्हणून मासळी, कलेजी, कोंबडीचे तुकडे जे परवडेल ते द्यावं, पण शिजवून आणि बिनमिठाचं. कोंबडी कापल्यावरचा कच्चा टाकाऊ भाग मांजरापुढे टाकू नये. त्याचं कारण पुढे येईल.

दरवेळी चोर घरचाच नसतो

पिल्लू गेलं की संशय आधी मांजरावर. पण खान्देशातल्या शिवारात उमेदवार बरेच आहेत. गुन्हा कोणत्या वेळी घडला आणि मागे काय उरलं, यावरून बराच अंदाज येतो.

मुंगूस दिवसा फिरतं. भरदिवसा दोन-तीन कोंबड्या मारून टाकलेल्या, माना चावलेल्या आणि बहुतेक मांस तसंच, असं दिसलं तर संशय मुंगसावर घ्यावा. मोकाट कुत्रीही असंच करतात. पीस न हलता पिल्लं किंवा अंडी नाहीशी झाली तर साप किंवा घोरपड. रात्री पिल्लांचे पाय किंवा पोट कुरतडलेलं, जवळच बीळ, तर उंदीर-घूस. आणि दीड किलोची कोंबडी रात्रीतून उचलून नेली असेल तर रानमांजर. ऊस, केळी, नदीकाठचं गवत ही त्याची आवडती जागा. पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाला काळी वलयं, कानांच्या टोकांना केसांचा झुबका. घाईत पाहिलं तर कुणालाही ते शेजारचंच मांजर वाटेल. रानमांजर, मुंगूस, घोरपड हे तिघेही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना मारणं गुन्हा आहे. जाळी दुरुस्त करणं स्वस्त पडतं.

मांजर आहे म्हणजे घूस येणार नाही, या समजालाही मर्यादा आहे. न्यूयॉर्कमध्ये एका कचरा-प्रक्रिया केंद्रात २०१८ च्या अभ्यासात ७९ दिवस कॅमेरे लावले होते. भोवती मांजरं असूनही मोठे उंदीर मारण्याचे प्रयत्न झाले तीन, यश आलं दोनदा. मांजर लहान उंदरांवर वचक ठेवतं. घुशीशी ते शहाणपणाने वागतं. दाण्याचं भांडं रात्री उचलून ठेवणं हा त्याहून खात्रीचा बंदोबस्त.

उन्हाळा, माती आणि औषध

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. अंडं उबायला साडेसदतीस अंश लागतात, म्हणजे बाहेरची हवाच अंड्याला हवी त्याहून गरम. म्हणून जाणती मंडळी कोंबडी अंड्यांवर बसवण्याचं काम थंडीत उरकतात. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. मांजरालाही घाम येतो तो फक्त तळव्यांना. दोघंही एकच ओलावा शोधतात: माठाखालची माती, न्हाणीचं पाणी जातं ती केळीच्या खुंटाजवळची जागा. जागा एकच असली की टोचाटोची होते. पाण्याची दोन भांडी दोन सावल्यांत ठेवावी, कोंबड्यांचं जमिनीवर, मांजराचं ओट्यावर. भांडण निम्मं तिथेच मिटतं.

मातीचा प्रश्न सहसा लक्षात येत नाही. अंगावरच्या किडी झटकायला कोंबडी भुसभुशीत, कोरडी माती उकरून तीत लोळते. मांजराला विष्ठा पुरायला नेमकी अशीच माती आवडते. कोंबड्यांची धुळीची जागा रात्री मांजराचा संडास होते. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची अंडी मातीत मिसळू शकतात, तिथून दाण्यासोबत कोंबडीच्या पोटात आणि कच्च्या मांसावाटे पुन्हा मांजरात. कोंबडी सहसा आजारी दिसत नाही, पण गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. ही अंडी विष्ठा पडल्यानंतर एक ते पाच दिवसांनी बाधक होतात, म्हणून रोजच्या रोज सफाई केली तर साखळी तुटते. कोंबड्यांच्या मातीवर रात्री पाटी झाकावी, मांजराला घमेल्यात वेगळी वाळू द्यावी, आणि गरोदर स्त्रीने ही सफाई करू नये.

औषधांचा घोळ याहून झटपट जीव घेतो. खुराड्यातल्या गोचीड-पिसवांवर मारतात ती सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन अशी औषधं कोंबडी बऱ्यापैकी सोसते. मांजराचं यकृत ती नीट मोडू शकत नाही. ओल्या औषधावरून चालून पंजे चाटले तरी ते थरथरायला लागू शकतं. फवारणी केली की खुराडं पूर्ण सुकेपर्यंत मांजर घरात कोंडावं, आणि कोंबडीच्या औषधाचा उरलेला थेंब त्याच्या अंगावर कधीच चोळू नये. झिंक फॉस्फाइडचं काळं उंदीर-औषध तर या अंगणात नकोच. पिठात कालवलेलं ते कोंबडी थेट खाते आणि मेलेला उंदीर मांजर.

कधी दोघांना वेगळं करायचंच

भारतातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो खान्देशातच, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. पुढच्याच महिन्यात तो जळगाव जिल्ह्यात पोहोचला. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा त्याने हजेरी लावली. त्या वेळी सगळी चर्चा कोंबड्यांची होती. मार्जारकुळालाही हा विषाणू मारतो, हे आपल्याकडे ठळकपणे दिसलं ते अलीकडे. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तपासणीत एच५एन१ निघाला. पाठोपाठ शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये तोच विषाणू सापडला.

मांजरात तो शिरायचा मुख्य रस्ता म्हणजे बाधित पक्ष्याचं कच्चं मांस. कच्चा टाकाऊ भाग घालू नये असं वर म्हटलं ते यासाठी. परसात एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या, तुरे निळसर पडले, डोकी सुजली, तर मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकू नये आणि मांजराला तर मुळीच देऊ नये. ही लक्षणं मानमोडीशीही जुळतात, त्यामुळे घरी अंदाज बांधत बसू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं, आणि निदान होईपर्यंत मांजर घरात, कोंबड्या खुराड्यात. मांजराला ताप, धाप किंवा झटके दिसले तर ते उघड्या हातांनी हाताळू नये.

२०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढून ३१ कोटी ७० लाखांवर गेल्या. बचत गटांच्या बायांनी दहा-वीस कोंबड्यांचा संसार मांडला आहे आणि उंदरांसाठी मांजर त्या घरात आधीपासून आहेच. तेव्हा निवड मांजर की कोंबडी अशी नसते. पिल्लू अर्ध्या किलोचं होईपर्यंत आणि दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत, या दोन वेळांत जाळी मधे असली पाहिजे. बाकीच्या वेळी कोंबड्या आपलं आपण बघून घेतात.

चौकट : थोडक्यात

- मांजर भुकेपोटीच शिकार करतं असं नाही. लहान, पळणारं, चिवचिवणारं दिसलं की झडप ठरलेली.
- अर्ध्या किलोच्या आतलं पिल्लू मांजरासमोर मोकळं सोडू नये. आईने दूर केल्यानंतरचे दिवस सर्वांत धोक्याचे.
- खुराडं वरून बंद, अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी, कडीला पिन. मावळतीला बंद, उजाडल्यावर उघडं.
- मांजर घ्यायचं तर कोंबड्यांच्या घरात जन्मलेलं पिल्लू घ्यावं.
- दूध-भाकरीसोबत शिजवलेलं मांस-मासळी आणि रोज पाच-दहा मिनिटांचा खेळ.
- पाण्याची भांडी दोन, धुळीची जागा रात्री झाकलेली, मांजराची वाळू वेगळी.
- फवारणीचं औषध ओलं असेपर्यंत मांजर आत. उंदराचं विष नकोच.
- कोंबड्या एकाएकी मेल्या तर मांजर कोंडावं आणि पशुवैद्यकाला कळवावं.